चंपाचा लाल फ्रॉक

हे मी नवऱ्याला सांगितलं नाही. तो गेला, त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. लेकीला नाही सांगितलं. सासू अंथरुणाला खिळली होती तेव्हा एकदा माझा हात धरून म्हणाली, "कमल, तुझ्या मनात कायतरी हाय गं, बोलून टाक." मी म्हणाले, "काही न्हाई, आत्याबाई." आणि तिच्या पायाला तेल चोळत बसले.

आता तुमच्यापुढे बोलते आहे. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनही असेल. ओळखीच्या माणसापुढे हे तोंडातून निघत नाही — मी बघितलंय प्रयत्न करून.

मागच्या महिन्यात नात मोबाईल घेऊन आली. "आजी, बघ ना, कसं हसतंय!" चिंपांझी होता. अंगात शर्ट, डोळ्यांवर गॉगल, कुणीतरी बाजूला गाणं लावलेलं, आणि तो सगळे दात दाखवून बसलेला. नात हसून हसून लोळत होती. मी म्हणाले, "ते हसत नाही बाई, भ्यालंय ते." ती म्हणाली, "तुला काय माहीत?"

मला काय माहीत! मी उठून मोरीत गेले आणि उगाच नळ सोडून उभी राहिले.

मला माहीत आहे, कारण मला गोविंदननं सांगितलं होतं. गोविंदन म्हणजे सर्कशीतला माणूस. पण असं मधूनच सांगून चालायचं नाही. पहिल्यापासून सांगते. सांगताना मी इकडेतिकडे जाईन — जाऊ द्या मला थोडं. मुद्द्यावर यायला मला वेळ लागतो. इतकी वर्षं लागलीच की.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. झाला म्हणजे कागदावर झाला. गावात अजून कचेऱ्या भाड्याच्या घरांतून चालायच्या, आणि रोज नव्या साहेबांची बिऱ्हाडं ट्रकमधून उतरायची. माझ्या दृष्टीनं जिल्हा म्हणजे साहेबांच्या बायका, आणि साहेबांच्या बायका म्हणजे ब्लाउज. नवरा औशाला कापडाच्या दुकानात कामाला होता, सकाळच्या एसटीनं जायचा, दिवेलागणीला यायचा. मी शिवणाचा क्लास केलेला, माहेरून पायमशीन आणलेलं. पुढच्या खोलीत मशीन मांडलं आणि दारावर पाटी लावली. सासूला ते फारसं पटलं नव्हतं. आपल्या घरातल्या बायकांनी दुसऱ्याची मापं घ्यायची म्हणजे काय, असं ती म्हणायची. पण हळूहळू तीच आलेल्या बायकांना पाट द्यायला लागली.

आणि त्या साली पाऊस दगा देऊन गेला होता. सलग दुसरं वर्ष. विहिरीत बादली सोडली की नुसता ठण् आवाज यायचा. आमच्या गल्लीत टँकर दोन दिवसांआड यायचा, कधी तीन. टँकरचा हॉर्न वाजला की हातातलं काम टाकून धावायचं — चुलीवरचं दूध टाकून, न्हातं पोर टाकून. हे तुम्ही लक्षात ठेवा. नाही, नका ठेवू. मी ते कारण म्हणून सांगत नाही.

अशात सर्कस आली. गावाबाहेरच्या मैदानात तंबू पडला. लोक आधी चिडले. माणसांना प्यायला नाही आणि हत्ती धुतात म्हणे! पण शेतात काम नव्हतं, हाताला काम नव्हतं, माणसं करणार काय? मुरुडहून, औशाहून, पार जळकोटकडून लोक यायला लागले. तीनचा खेळ रोज भरायचा.

सर्कशीत वाघ होते, उंट होते, तारेवर चालणाऱ्या मुली होत्या. पण गावात बोलणं एकच — चंपाचं. आमच्याकडे चिंपांझी कुणी पाहिलाच नव्हता. माकड पाहिलेलं, वानर पाहिलेलं. बायका म्हणायच्या, वनमानूस हाय. ती फ्रॉक घालून यायची, खुर्चीवर बसायची, कपबशीतून चहा प्यायची, तीनचाकी सायकल चालवायची, साहेबासारखी सिगारेट धरायची. शेवटी सगळ्यांना सलाम करायची आणि दात दाखवायची. त्या दातांवर सगळा तंबू हसून कोसळायचा नुसता.

तिचा फ्रॉक फाटला होता. सर्कशीचा मॅनेजर गावात शिंपी शोधत होता. दोघातिघांनी नाही म्हटलं — एक म्हणाला जनावराचं माप घेऊन मग त्याच हातानं माणसाचं कसं घेऊ? मी हो म्हटलं. का म्हटलं? नाव होईल म्हणून. खरं तेच आहे. एका मोठ्या साहेबांची बायको माझ्याकडे ब्लाउज टाकायची. नवीन शाळा निघणार होती, तिचे गणवेश मला मिळवून देते असं ती म्हणाली होती. तिनंच मॅनेजरला माझं नाव सांगितलं. सर्कशीत तिचा सत्कार होता, सगळ्या नव्या अधिकाऱ्यांसाठी खास खेळ, आणि चंपा तिला हार घालणार होती. त्यासाठी नवा फ्रॉक — लाल, कॉलरला जरीची लेस, घेराला टिकल्या.

माप घ्यायला मी तंबूमागं गेले. तिथं गोविंदन पहिल्यांदा दिसला. केरळकडचा म्हातारा माणूस, काळा, बारीक, दातांत तंबाखू. गावोगाव हिंडून हिंदी-मराठीची खिचडी बोलायचा. चंपा त्याच्या कडेवर होती. एवढी मोठी, वजनदार — आणि लेकरासारखी कडेवर! पिल्लू असल्यापासून त्यानंच वाढवलेली.

मी दोन पावलं लांबच थांबले. त्यानं तिला खाली ठेवलं आणि म्हणाला, "टेलरबाई, डरना नहीं. तुम डरेगी तो ये भी डरेगी."

टेप पसरून मी तिच्या छातीला लावली. तिनं टेपचं दुसरं टोक उचललं आणि माझ्या गळ्याभोवती धरलं. अगदी नीट, जसं मी धरते तसं. मला हसू फुटलं. मग तिचं लक्ष माझ्या बोटाकडे गेलं. आदल्या दिवशी मशीनची सुई बोटात गेली होती, चिंधी बांधलेली होती. तिनं माझा हात ओढून घेतला, चिंधीची गाठ सोडली — इतक्या हलकेच की मला कळलं नाही — आणि जखमेकडे बघत बसली. मग खालचा ओठ पुढं काढून त्या जखमेला टेकवला. नुसता टेकवला. आणि माझ्या तोंडाकडे बघितलं.

माझं बोट माझ्या घरात कुणी बघितलं नव्हतं.

मी गोविंदनला विचारलं, "ती खेळात हसती ना, ते तुम्ही कसं शिकवलं?" तो बाजूला जाऊन थुंकला. मग म्हणाला, "वो हँसती नहीं, बाई. दाँत दिखाती, मतलब डरती. बहुत लोग, बहुत आवाज... डरती है. पब्लिक को लगता, हँसती." आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

म्हणजे बघा, मला सगळं ठाऊक होतं. सुई लागल्यावर दुखतं हे तिला कळतं, ते मी पाहिलं होतं. दात म्हणजे भीती, हेही मला सांगून झालं होतं. पुढं जे झालं ते अज्ञानानं झालं असं मला म्हणता येत नाही.

येते, मुद्द्यावर येते.

खेळाच्या दिवशी सकाळी मी कॉलर शिवत होते. कॉलर ताठ उभी राहावी म्हणून आत बक्रम घातलेलं, वर अस्तर, वर जरीची लेस. इतक्या जाडीला बारीक सुई घालायची नसते. पण जाड सुई संपली होती, बाजारात जायला वेळ नव्हता. टक् झालं आणि सुई मोडली. अर्धी मशीनला राहिली. टोकाकडचा तुकडा दिसेना.

शिवणाच्या क्लासच्या बाईंनी आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलेलं — सुई मोडली तर दोन्ही तुकडे जुळवून बघायचे. जुळल्याशिवाय कपडा घराबाहेर जाऊ द्यायचा नाही. मग तो राजाचा असो. मी फरशी झाडली. मशीनखाली चुंबक फिरवला. मग कॉलर चाचपायला घेतली, आणि तेवढ्यात टँकरचा हॉर्न वाजला. तिसरा दिवस होता. घरात प्यायला एक तांब्या. सासू ओरडली, "कमल, घागरी!" मी धावले.

परत आले तेव्हा सर्कशीचा माणूस सायकल घेऊन दारात उभा. "मॅनेजर खोळंबलाय," म्हणाला. मी त्याला थांब म्हटलं, आत गेले, कॉलर बोटांनी दाबून बघितली. बक्रममुळे काही लागेना. लेस उसवून कॉलर उघडायची तर तास जाणार. तुकडा आत आहेच असं कशावरून? उडून कुठंतरी पडला असेल. मी उभी राहिले. थोडा वेळ उभी राहिले. आणि मनात एक वाक्य म्हटलं.

ते वाक्य तुम्हाला सांगायचं म्हणून तर मी हे सगळं बोलते आहे. मी म्हटलं — माकडच तर आहे. अंगावर एवढे केस आहेत. त्याला काय कळतंय?

साहेबांच्या बायकोचा ब्लाउज असता तर मी तो दिला असता का? नसता दिला. दहा वेळा उसवला असता. ते मला तेव्हाही माहीत होतं. मी फ्रॉकची घडी घातली आणि त्या माणसाच्या हातात दिली.

तीनच्या खेळाला मी मंगलला, माझ्या लेकीला, घेऊन गेले. आम्हाला पुढच्या खुर्च्या दिल्या होत्या. पहिल्या रांगेत सगळ्या अधिकाऱ्यांच्या बायका. बँड वाजला आणि चंपा आली. लाल फ्रॉक झगझगत होता. माझ्या शेजारची बाई म्हणाली, "अगोबाई, तुम्हीच शिवला?" मी हो म्हणाले. मान ताठ करून म्हणाले.

ती मानेला हात लावत होती. चालता चालता थांबायची, कॉलर ओढायची. लोक हसले. एक जोकर तिच्या मागं मागं तसाच मानेला हात लावून चालायला लागला, तेव्हा तर तंबू दणाणला. ती सायकलवर बसली, उतरली. गोविंदननं खूण केली, परत बसली. आणि मग तिनं दात दाखवले. सगळे दात, खालचे-वरचे. दोन हजार माणसं टाळ्या वाजवत होती, मंगल माझ्या मांडीवर उड्या मारत होती. आणि त्या सगळ्या तंबूत दोघांनाच कळत होतं की ती हसत नाही. एक गोविंदन. एक मी.

मी उठू शकत होते. ओरडू शकत होते — थांबवा, कॉलर काढा तिची. मी मंगलचा हात घट्ट धरून बसले.

हार तिच्या हातात दिला. ती साहेबांच्या बायकोपुढं आली. वाकून घालायचा होता, म्हणून गोविंदननं नेहमीसारखा तिच्या मानेवर हात ठेवला आणि जरासा दाबला.

ती किंचाळली, तसा आवाज मी नंतर कधी ऐकला नाही. वळली, आणि त्याचा हात तोंडात धरला. त्याचा, ज्यानं तिला वाढवलं त्याचा. गोविंदन ओरडला नाही. तो नुसता "चंपा, चंपा" म्हणत होता. दोनतीन माणसं काठ्या घेऊन धावली. बायका पळाल्या. मी लेकीचे डोळे झाकले आणि बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो माझ्या दारात उभा होता. उजव्या हाताला कोपरापर्यंत बँडेज. एक बोट गेलं होतं, दुसरं राहील की नाही ठाऊक नव्हतं. डाव्या काखेत लाल फ्रॉक, खांद्याकडून फाटलेला. आत्याबाईंनी त्याला पाणी दिलं. त्या दिवसांत परक्याला पाणी देणं ही लहान गोष्ट नव्हती. त्यानं दोन घोट घेतले आणि उरलेलं परत दिलं.

"टेलरबाई," तो म्हणाला, "एक बार देखो. कपड़े में कुछ था क्या? मेरी नजर कमजोर है, मुझे कुछ मिला नहीं. वो मुझे कभी नहीं काटती. कभी नहीं. कुछ तो होगा."

त्यानं फ्रॉक माझ्यापुढं धरला.

"मॅनेजर बोलता, पागल हो गई. कल दाँत निकालेंगे. मैं बोला, एक दिन रुको. कपड़े में कुछ मिला, तो वो मान जाएगा."

मी फ्रॉक घेतला आणि "बघते" म्हणून आतल्या खोलीत गेले. कात्रीनं लेस उसवली. बक्रम आणि अस्तराच्या मध्ये, आडवा शिरलेला, टोक बाहेर काढून — तो तुकडा होता. अस्तरावर हरभऱ्याच्या डाळीएवढा रक्ताचा डाग. बस, एवढाच.

तो चिमटीत धरून मी उभी होते. बाहेर सासू त्याला विचारत होती, तुमचं गाव कोणतं, लेकरं किती. तो सांगत होता, लेकरं नाहीत, चंपाच.

माझ्या मनात काय आलं? दया आली असं सांगितलं तर तुम्हाला बरं वाटेल. खरं सांगू — माझ्या मनात पाटी आली. दारावरची. हिच्या कपड्यात सुई राहते, असं एकदा गावात झालं की कुठली बाई मला ब्लाउज टाकणार होती? गणवेश कुठले? साहेबांची बायको काय म्हणेल? नवरा काय म्हणेल, सासू काय म्हणेल — बघ, मी म्हणत नव्हते? आणि या सगळ्याच्या वर तेच वाक्य पुन्हा — माकडच तर आहे.

चुलीपाशी राखेची पाटी होती. मी तो तुकडा राखेत खोल खुपसला. डाग पडलेला अस्तराचा भाग कात्रीनं कापून चुलीत टाकला. हात धुवायला पाणी नव्हतं, पदराला पुसले. बाहेर आले.

"काही न्हाई त्यात," मी म्हणाले. "साफ हाय. मी सगळं उघडून बघितलं."

त्यानं माझ्याकडे बघितलं. शंकेनं नाही हो. शंकेनं बघितलं असतं तर मी कदाचित... माहीत नाही. तो विश्वासानं बघत होता. मान हलवली आणि म्हणाला, "तो फिर मेरा ही कुछ गलती."

आणि गेला.

दुसऱ्या दिवशी तिचे दात काढले. कुणी काढले, कसे काढले ते मी बघितलं नाही. टँकरच्या रांगेत ऐकलं. तंबूजवळच्या वस्तीतली एक बाई सांगत होती, लई वरडत होतं बाई ते जनावर, आमची पोरं जेवली न्हाईत. मी घागर पुढं सरकवली. माझा नंबर आला होता.

इथं संपलं असतं तरी पुरे होतं, नाही का? पण नाही संपत.

आठवड्याभरानं मॅनेजर स्वतः घरी आला. लोकांना चंपा हवी होती. चंपा नाही म्हटल्यावर खुर्च्या रिकाम्या राहायला लागल्या होत्या. त्याला युक्ती सुचली होती. चंपाला आता म्हातारी करायची. बोळकं तोंड, डोळ्यांवर चष्मा, हातात काठी, नऊवारी लुगडं आणि चोळी. "तुम्हीच शिवा," म्हणाला. "तुमच्या हाताला वळण आहे."

मी शिवलं.

हिरवं लुगडं शिवलं, घालायला सोपं जावं म्हणून नाडी लावून. चोळी शिवली. माप पुन्हा घ्यायची गरज नव्हती, माझ्या वहीत होतं. प्रत्येक टाका दोनदा चाचपला — हो, त्या वेळी चाचपला. आणि तो खेळ पहिल्यापेक्षा जास्त चालला. बोळक्या तोंडाची आजी काठी टेकत यायची, तिला पापड द्यायचे, तो तिला चावता यायचा नाही, आणि लोक पोट धरून हसायचे. मी एकदाच बघितला. तिनं भ्याल्यावर ओठ मागं ओढले, तर आत दातच नव्हते. नुसत्या हिरड्या. तेव्हा सगळ्यात मोठी टाळी पडली.

खेळ सुटल्यावर मी तंबूमागं गेले. सांगायचं असं ठरवूनच गेले होते. गोविंदन उकिडवा बसून डाव्या हातानं केळं कुस्करत होता. ती त्याच्यासमोर, लुगडं अजून अंगावर. तो बोटानं घास तिच्या ओठांत ठेवत होता. तिनं मला बघितलं. मला वाटलं, पळेल, नाहीतर अंगावर येईल. ती उठली, माझ्याजवळ आली आणि माझा हात ओढून बोटं बघायला लागली. एकेक बोट. चिंधी शोधत होती की काय, कुणास ठाऊक. जखम भरून गेली होती माझी.

मी हात काढून घेतला आणि घरी आले. बोलले नाही.

सर्कस उदगीरला गेली, तिथून पुढं. मला गणवेश मिळाले. दुसरं मशीन आलं, मग तिसरं. त्याच घरावर मजला चढला. लेकीचं शिक्षण, लग्न, सगळं शिवणावर झालं. लोक म्हणतात, कमळाबाईच्या हातचा कपडा म्हणजे डोळे झाकून घालावा.

दीडेक वर्षानं जावेच्या लेकीच्या लग्नाला नांदेडला गेले होते. गावात शिरताना बसच्या खिडकीतून तंबू दिसला. तोच. हळदीच्या दिवशी सगळ्या बायका बांगड्या भरायला निघाल्या, मी डोकं दुखतंय म्हणून मागं राहिले आणि रिक्षा करून मैदानावर गेले. वाटेत सारखी तेच घोकत होते — सुई माझी होती. सुई माझी होती. तीन शब्दांचं तर काम. पाय धरायची वेळ आली तर धरीन असंही ठरवलं होतं.

गोविंदन उंटांना पाणी पाजत होता. फार वाळला होता. उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट नव्हतं, मधलं ताठ झालेलं. मला त्यानं लगेच ओळखलं, चेहरा फुलला त्याचा. मी विचारलं, "चंपा?"

"गई, बाई. उदगीर में ही." त्यानं बादली खाली ठेवली. तोंड पिकलं, म्हणाला. हिरड्या सुजल्या. केळंही घेईना, दूधही घेईना. शेवटचे चार दिवस त्याच्या मांडीवर होती. मॅनेजर दुसरा चिंपांझी बघतोय, पण आपण घेणार नाही असं त्याला सांगून टाकलंय. उंट बरे.

मी तोंड उघडलं. शपथेवर सांगते, तोंड उघडलं होतं मी. पण तोच आधी बोलला.

"टेलरबाई, मुझे पता चल गया. क्यों काटा."

वाटलं, याला कळलंय. कसं कोण जाणे, पण कळलंय. आणि खोटं वाटेल तुम्हाला — मला क्षणभर सुटल्यासारखं झालं.

तो म्हणाला, "तंबाखू." त्या दिवशी लातूरच्या बाजारातनं त्यानं नवी तंबाखू घेतली होती. कडक होती, वास वेगळा. तीच मळून तो खेळाला आला. मानेवर हात ठेवला तेव्हा चंपाला तो वास ओळखीचा वाटला नाही. "मेरा हाथ उसको पराया लगा, बाई. डर गई. इतना सीधा बात, मेरे को पहले समझा नहीं." तेव्हापासून त्यानं तंबाखू सोडली होती. चाळीस वर्षांची सवय. तिच्या शेवटच्या दिवसांत तो हात राखेनं घासून, धुवून मग तिला जवळ घ्यायचा.

हे सांगून तो माझ्याकडे बघत राहिला. त्याला माझ्याकडून काहीतरी हवं होतं, हे मला दिसत होतं. इतके दिवस एकट्यानं शोधलेलं उत्तर होतं त्याचं. कुणीतरी बरोबर आहे म्हणावं, एवढंच. आणि मीच तिथं होते.

"हाव," मी म्हणाले. "तसंच असंल."

त्यानं मान हलवली. एक लांब श्वास सोडला. मग एक रिकामी बादली पालथी घातली, खांद्यावरच्या फडक्यानं पुसली आणि म्हणाला, "बैठो बाई, चाय पीके जाओ."

मी बसले. चहा घेतला.